नव्व्याण्णववर अडकणारी पट्टी

मावशीला कुणी विचारलं की, बाई, तू नक्की काम काय करतेस, तर ती सांगते, "पट्टी सरकवते."

विचारणारा हसतो. मग ती समजावते. "मोठी फाइल पाठवताना पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत जाते ना, बारा टक्के, तेरा टक्के करत? ती."

"म्हणजे फाइल तुम्ही पाठवता?"

"छे. फाइल आपली आपण जाते. किती गेली एवढं मी सांगते."

बावन्न वर्षांची आहे मावशी. एकवीस वर्षं एकाच कंपनीत. छोट्या गावांतल्या स्कॅन केंद्रांतून मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडे स्कॅन पाठवण्याचं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते. तिच्यामागून आलेले लोक साहेब झाले, परदेशी गेले, एकाने तर मधमाश्या पाळल्या. मावशी पट्टीपाशी राहिली. मी तिच्याकडे दोन महिन्यांसाठी म्हणून राहायला आले, त्याला आता दीड वर्ष होईल. आठवड्यातले चार दिवस ती घरून काम करते, जेवणाच्या टेबलावर. हेडफोनने तिचे कान दुखतात, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्यामुळे तिचं अख्खं ऑफिस आमच्या मिठाच्या बरणीशेजारी नांदत असतं.

एकदा मी विचारलं होतं, किती गेलं हे तुला तरी कसं कळतं?

"ज्या फ्रेमवर्कवर आम्ही हे बांधलंय, तो सांगतो. तयार सांगाडा असतो तो, इंटरनेटच्या जाळ्यावरून माल नेण्याआणण्याचा. त्याला फाइल द्यायची. तो तिचे तुकडे करतो, एकेक तुकडा पुढे सारतो आणि दर तुकड्याला माझ्या कानात सांगतो, इतकं गेलं, एकूण इतकं. मी भागाकार करते आणि पट्टी सरकवते."

"आणि एकूण किती ते त्यालाच माहीत नसेल तर?"

"तर एकूणच्या जागी उणे एक सांगतो. म्हणजे सभ्य भाषेत, मला विचारू नका."

"मग सोपं आहे की."

"सोपंच आहे. फक्त त्याचं 'गेलं' नीट समजून घ्यावं लागतं. आता तुझे काका लाँड्रीत गठ्ठा टाकून येतात आणि मला सांगतात, कपड्यांचं झालं बरं का. फ्रेमवर्क अगदी तसाच. त्याच्या हातातून सुटलं की त्याच्या दृष्टीने गेलं. कुणाच्या हातात पडलं का, ते त्याला विचारायचं नाही."

"मी इथेच बसलोय," पेपरमागून काका म्हणाले. काका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहेत. काचेच्या नळ्या धुण्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कशाचाच राग येत नाही.

तर त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला छोटंसंचा फोन आला. छोटंसं म्हणजे मावशीचा साहेब. चौतीस वर्षांचा, नम्र, कायम घाईत. प्रत्येक फोन एकाच वाक्याने सुरू करतो म्हणून घरात त्याचं हे नाव पडलं.

"ताई, एक छोटंसं काम होतं."

"बोल."

"एक सही हवी होती. फॉर्म पाठवलाय. त्या डोंगरापलीकडच्या केंद्राचं प्रकरण. मी भरून ठेवलाय सगळा, तुम्ही फक्त शेवटी सही करा. पट्टीचा भाग तुमच्याकडे आहे म्हणून."

मावशीने चष्मा लावला. वाचताना ती पुटपुटते, त्यामुळे मलाही कळत गेलं. दोन आठवड्यांपूर्वी, शनिवारी संध्याकाळी, त्या केंद्रात एका बाईंच्या डोक्याचा स्कॅन झाला. जिन्यावरून पडल्या होत्या. स्कॅन हॉस्पिटलला पाठवला, असं केंद्रातल्या तंत्रज्ञाने गावच्या डॉक्टरांना सांगितलं. हॉस्पिटलमध्ये काही पोचलंच नव्हतं, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी वाट पाहण्याचंही कारण नव्हतं. रविवार सुट्टीचा. सोमवारी दुपारी भानगड उघडकीला आली, तोवर डोक्यात रक्त साचून गेलं होतं. बाई वाचल्या. डावा हात मात्र लुळा पडला.

"मूळ कारण," मावशीने मोठ्याने वाचलं. "पाठवणी चालू असताना वापरकर्त्याने वीज बंद केली."

"हो ना. सहा वाजता मेन स्विच पाडलाय त्याने. नोंद आहे."

"पाठवणी चालू आहे हे त्याला कुठे दिसत होतं?"

"म्हणजे?"

"पडद्यावर काय होतं त्या वेळी?"

पलीकडे थोडा वेळ नुसते कीबोर्डचे आवाज आले. "ताई, ते बघावं लागेल. पण गुरुवार संध्याकाळपर्यंत सही लागेल. शुक्रवारी त्यांची चौकशी समिती बसतेय."

"बघते," मावशी म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ चष्मा पुसत होती.

बुधवारी दुपारी दुसरा फोन आला. अनोळखी नंबर.

"मॅडम, मी डोंगरापलीकडच्या केंद्रातून बोलतोय. म्हणजे आत्ता घरून बोलतोय. ओळखलंत का? नऊ वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे हे सगळं बसवायला आला होतात. जिन्यात तुमची चप्पल तुटली होती."

मावशी ताठ बसली. "तुम्ही तारेने बांधून दिली होतीत."

"तोच मी."

"ती चप्पल पुढे वर्षभर टिकली, भाऊ."

"तार आमची चांगली होती." तो जरासा हसला. "तुम्ही तेव्हा नंबर दिला होता, अडलं तर थेट फोन करा म्हणून. आजवर अडलं नाही."

"आणि आता?"

"आता घरी बसवलंय. पंधरा दिवस झाले. बायको म्हणाली, बसलाच आहात तर पंखे पुसा. पुसले. आता शेजारच्यांचे घेतलेत पुसायला."

मावशी हसली नाही. त्यानेही ती हसेल अशी वाट पाहिली नाही.

"मॅडम, सतरा वर्षं झाली मला तिथे. सहा वाजले की मेन पाडायचा, असा लेखी हुकूम आहे. तीन वर्षांपूर्वी रात्रीत वायरिंग जळालं, तेव्हापासूनचा. त्या दिवशी मी पट्टी बघितली. शंभर. खाली 'पूर्ण'. डॉक्टरांचा फोन आला, पाठवला का? मी म्हटलं, शंभर टक्के. मग सहाला मेन पाडला आणि घरी गेलो. आता समितीतले म्हणतात, चालू पाठवणीत मेन पाडलास. मी म्हणतो, पूर्ण झालं होतं. ते म्हणतात, कंपनीचा कागद येऊ दे, त्यात काय येतं ते बघू. कागदात माझी चूक आली तर मला काढणार, हे त्यांनी सांगितलंय तोंडावर."

"हं."

"तुम्हाला वशिला लावायला फोन नाही केला. मला फक्त विचारायचं होतं. शंभर म्हणजे शंभरच ना? का त्याच्यापुढे आणखी काही असतं, जे आम्हाला शिकवलं नाही?"

फ्रिज घरघरत होता. मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तोच उत्तर देणार आहे.

"भाऊ, मला उद्यापर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

"घ्या ना. माझ्याकडे तेवढाच आहे."

मग तिने टेबल मोकळं केलं. तिचा लॅपटॉप एका टोकाला, माझा जुना दुसऱ्या टोकाला. एक केंद्र, एक हॉस्पिटल. मध्ये मिठाची बरणी होती तिथे तिने एक काळी डबी ठेवली, सगळ्या तारा तिच्यातून नेल्या आणि डबीपासून माझ्या लॅपटॉपपर्यंतची लाइन मुद्दाम मंद करून टाकली, डोंगरापलीकडे असते तशी.

"गेल्या वर्षी अशी एकेक डबी सगळ्या केंद्रांत बसवली," ती म्हणाली. "फाइल झटकन पोटात घेते आणि मग सवडीने पुढे पाठवते. लाइन सारखी तुटायची, त्यावर उपाय म्हणून. बघ आता."

तिने एक मोठा स्कॅन पाठवला. पट्टी अशी धावली की बघतच राहावं. बावीस सेकंदांत शंभर. पूर्ण. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या लॅपटॉपवर, एक टक्काही आलेला नव्हता.

"आता बस बघत," मावशी म्हणाली. तिने चहा ओतला आणि प्यायची विसरली.

चार वाजता काका शाळेतून आले. "काय बघताय दोघी?"

"पूर्ण झालेली फाइल पूर्ण होताना."

काकांनी खुर्ची ओढली आणि तेही बसले. नऊ टक्के. अकरा. एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे आम्ही तिघं त्या आकड्यापाशी बसलो होतो.

"मी हे आधी बरोबर केलं होतं," मावशी बऱ्याच वेळाने म्हणाली. "सुरुवातीला. पट्टी नव्व्याण्णववर थांबायची. पलीकडून पोच आली की मगच शंभर."

"मग?"

"मग लोकांचे फोन. नव्व्याण्णववर अडकतंय. अहो, नव्व्याण्णववर अडकतंय. एका महिन्यात साठ फोन. अठ्ठ्याण्णववर कुणी कुरकुरत नाही बघ, नव्व्याण्णव आलं की माणसाचा धीर सुटतो. तेव्हा आत्ताचे मोठे साहेब माझे साहेब होते. कॉफीच्या मशीनपाशी मला म्हणाले, एका टक्क्यासाठी कशाला सगळ्यांचा जीव खातेस, दिसू दे की त्यांना शंभर. जेवण झाल्यावर मी ती ओळ काढून टाकली. एकच ओळ. पोचेची वाट पाहायची ती."

"त्याने काही बिघडलं नाही?"

"नाही ना. तेव्हा 'गेलं' आणि 'पोचलं' यात फारतर दोन-चार मिनिटांचा फरक. तेवढ्यात कोण दिवा मालवतंय? ही डबी आली आणि फरक एवढा झाला." तिने दोन लॅपटॉपच्या मधलं अंतर हाताने दाखवलं. "वर डबी त्याच मेन स्विचवर. वीज गेली की पोटातलं सगळं विसरते."

काका म्हणाले, "डबी आली तेव्हा तुला कळवलं नव्हतं?"

"कळवलं होतं की. चाळीस जणांना एक मेल. वाचली मी. 'छान' असं उत्तरही पाठवलं." "थकले होते तेव्हा. सासूबाईंचं हॉस्पिटल चालू होतं, आठवतंय ना. पण ते कारण नाही, अहो. थकले नसते तरी वाचून पुढेच गेले असते. एकवीस वर्षांत इतक्या डब्या आल्या."

काकांनी तिचा गार चहा उचलला आणि गरम करायला नेला. एवढंच केलं त्यांनी. एक्केचाळीस मिनिटांनी माझ्या लॅपटॉपवर स्कॅन उघडला.

मावशीने त्या संध्याकाळी फॉर्ममधली 'मूळ कारण' ही ओळ पुसली आणि आपली लिहिली: "फाइल यंत्राच्या हातातून सुटताच पट्टी 'पूर्ण' दाखवते. ती पोचली की नाही, हे पट्टीला ठाऊक नसते. पोचेची वाट पाहणारी ओळ नऊ वर्षांपूर्वी मी काढली. वापरकर्त्याने पडद्यावर जे दिसले त्यावर विश्वास ठेवला. त्याची चूक नाही."

गुरुवारी नऊ वाजायच्या आत छोटंसं फोनवर हजर.

"ताई, वाचलं मी. दोनदा वाचलं."

"मग पुढे पाठव."

"ताई, ते केंद्र ज्या साखळीतलं, तिची बावीस केंद्रं आहेत. बावीस ठिकाणी हीच डबी, हीच पट्टी."

"म्हणूनच लिहिलंय."

"तसं नाही. तुमचं नाव येतंय हो त्यात. मी जुन्या नोंदी काढून बघितल्या. ती ओळ काढल्याची नोंद तुमच्याच नावावर निघालीय. का काढली, त्यापुढे तुम्ही काय लिहिलंय माहितीय?"

"काय?"

"'सुटसुटीत केलं.'"

मावशीने डोळे मिटले. "लिहिलं असेन."

"मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं ना तुम्हाला? एकदा बोलला होतात तुम्ही. तेव्हा तसं लिहून का नाही ठेवलंत?"

"कॉफीच्या मशीनपाशी बोललेलं कोण लिहून ठेवतं रे."

"मी विचारू त्यांना?"

"विचार."

अर्ध्या तासाने त्याचा पुन्हा फोन. आवाज खाली आलेला. "त्यांना आठवत नाही, ताई."

"बरं."

"खरंच आठवत नसेल त्यांना."

"खरंच नसेल. दिवसाला पन्नास जणांना काही ना काही सांगतात ते. मला आठवतंय कारण मी ते केलं."

"मग मधला मार्ग काढूया का? असं लिहू, दोन्ही बाजूंनी समन्वयाचा अभाव. कुणावरच काही येत नाही."

"त्यात भाऊंचं काय होईल?"

"कोण भाऊ?"

"केंद्रातले."

"अं... त्याच्याकडे अर्धी चूक राहील."

"अर्ध्या चुकीवर ठेवतील त्यांना?"

पलीकडे छोटंसंच्या घरात कुठेतरी लहान मूल रडत होतं आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं.

"नाही ठेवणार," शेवटी तो म्हणाला.

"मग नको."

"ताई, तुम्हाला पट्टीवरून काढतील."

"काढू दे. एकवीस वर्षं सरकवली. दुसऱ्या कुणाला तरी सरकवू दे आता." हे बोलताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हात टेबलावरचा एकच डाग परत परत पुसत होता. "फक्त काढायच्या आधी ती मला नीट करू दे. एवढं माझ्यासाठी मागून बघ."

"मागतो," तो म्हणाला. आणि मग, "सॉरी ताई." त्या दिवशी एकदाही त्याने 'छोटंसं' हा शब्द काढला नाही.

मावशीने सही केली.

भाऊ पुढच्या बुधवारी कामावर रुजू झाले. मावशीला ते छोटंसंने एका ओळीत कळवलं. त्याच आठवड्यात तिच्या नावाचं एक पत्र निघालं, कडक शब्दांतलं, ते तिने आम्हाला वाचू दिलं नाही. पट्टी नीट करायला तिला तीन आठवडे मिळाले. त्यानंतर तिला मदतपुस्तिकेवर टाकलं, जी कुणी वाचत नाही. 'बटण दाबा' असं लिहायचं आणि शेजारी बटणाचं चित्र लावायचं.

पडद्यावर आता दोन पट्ट्या असतात. वरची 'निघालं'. खालची 'पोचलं'. वरची पळते, खालची रांगते. बावीस केंद्रांतून तक्रारी आल्याच, खालची फार हळू आहे, काहीतरी करा. त्या आता दुसऱ्या कुणाकडे जातात.

महिन्याभराने, संध्याकाळी सहाला पाच कमी असताना, मावशीचा फोन वाजला. ती बटणाची चित्रं कापत होती.

"मॅडम, भाऊ बोलतोय. तुमचं काम चालू असेल तर ठेवतो."

"नाही नाही. बोला. कसं काय?"

"बसलोय. खालची पट्टी एकतीसवर आहे."

"आता सहा वाजतील ना?"

"वाजतील. हुकूम अजून तसाच आहे, सहाला मेन पाडा. मी अर्ज दिलाय वेळ बदला म्हणून. तो वर गेलाय. कुठवर पोचला, त्याला काही पट्टी नाही."

मावशी पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यावर हसली. "मग करता काय?"

"पट्टी होईस्तोवर बसतो, मग पाडतो. उशिराच्या वहीत सही करतो. कारणाच्या रकान्यात रोज लिहितो, वाट पाहत होतो. सहाची बस जाते, सव्वासातची मिळते."

"माझ्यामुळे रोज तास जातोय तुमचा."

"जातो खरा. बायको म्हणते, आधी पूर्ण घरी होतात, आता अर्धे आहात, एकदा काय ते ठरवा." मग त्याचा आवाज जरा बदलला. "त्या बाई काल आल्या होत्या. पुन्हा स्कॅनला. हात नाही उचलत अजून. त्यांनी मला ओळखलं नाही. मुलाने ओळखलं."

"काही बोलला?"

"काही नाही. आईला बाहेर बाकावर बसवलं आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मी म्हटलं, स्टूल घ्या. घेतलं नाही. खालची पट्टी शंभर होईपर्यंत उभा होता. चाळीस मिनिटं. पोचलं, असं आलं, तेव्हा मी वळून बघितलं, तर तो आईला उठवायला गेलेला."

स्पीकरमधून तिकडच्या यंत्राची बारीक गुणगुण ऐकू येत होती.

"आता किती?" मावशीने विचारलं.

"चौतीस."

"आणखी कुणी आहे तिथे?"

"मी एकटाच. म्हणून तर फोन लावला."

मावशीने लॅपटॉप बाजूला सारला, फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला आणि खुर्चीत मागे रेलली. "मग बोला," ती म्हणाली. "मीही बसलेच आहे."